तुर्भ्याची थंडी

आमच्या कोपरखैरण्यात थंडी म्हणजे चार दिवस गोधडी काढायची आणि पाचव्या दिवशी पुन्हा पंखा लावायचा. अशा ठिकाणी वाढलेल्या पोरीच्या डोक्यात भर जानेवारीत हिमाचलातलं बर्फाचं शिखर चढायचं खूळ कुठून शिरावं? पण सयाजीच्या तेजश्रीच्या डोक्यात शिरलं, आणि शिरलं ते निघेना.

सयाजी साताऱ्याकडचा, आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहणारा. तुर्भ्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये माथाडी होता. मे महिन्यात बाजारातली माणसं घामानं निथळत असताना हा गडी स्वेटरवर जाड कोट चढवून मटार आणि मासळीच्या पेट्या बर्फाच्या खोलीत लावायचा. बोलण्यात महाकंजूष. बायको लवकर गेली, तेव्हापासून लेकीच्या वेण्यासुद्धा त्यानंच घातल्या. वाकड्या घातल्या, पण घातल्या.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात तेजश्री वाशीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. पहाटे पाठीवर वाळूची पिशवी बांधून ती पारसिकच्या टेकडीवर चढायची. मी म्हणायचे, "अगं, लग्न झाल्यावर सिलेंडर उचलायचाच आहे, आत्तापासून कशाला?" ती हसायची. त्या हसण्यासाठीच मी चिडवायचे.

तिच्या गिर्यारोहणाच्या ग्रुपचा प्रमुख उदयसिंह शिस्तीचा माणूस. तो म्हणायचा, चढण्यापेक्षा थंडीत बोटांनी काम करणं अवघड. गारठलेल्या हातांनी दोराची गाठ मारता आली पाहिजे, बुटाची नाडी बांधता आली पाहिजे, स्टोव्ह पेटवता आला पाहिजे. पण सरावाला थंडी आणायची कुठून? तेजश्रीनं हे घरी सांगितलं तर सयाजी एकदम खुलला.

"आमच्यात हाय की थंडी! मुकादमाला इचारतो."

इतक्या आनंदानं बोलताना मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं. आजवर त्याच्या त्या खोलीचा उपयोग मटाराला झाला होता, लेकीला होणार म्हणून तो फुलून गेला.

रविवारी मीही बरोबर गेले. दार उघडं ठेवून सयाजी आतच उभा राहिला. तेजश्रीनं कपड्यांचे थर चढवले होते. आत जाऊन तिनं हातमोजे काढले आणि दोराला गाठ मारायला लागली. पहिली गाठ झटक्यात बसली. दुसरी मारताना तिचे हात थांबले. आम्ही पाहिलं तर तिची बोटं मुळ्यासारखी पांढरी पडली होती. बाहेर आणल्यावर ती निळी झाली, मग लाल, आणि पोरीनं ओठ घट्ट दाबून धरले. सयाजी तिचे हात आपल्या काखेत धरून बसला. 

त्याच्याबरोबर काम करणाऱ्या पोपटची बोटं अशीच पांढरी पडायला लागली होती. पोपटनं मनावर घेतलं नाही, आणि शेवटी दोन बोटांची टोकं कापावी लागली. त्याच्या सदऱ्याची बटणं कामावर सयाजीच लावून द्यायचा.

पुढच्या रविवारी तेजश्रीनं दोन-दोन हातमोजे घातले. तरी तेच झालं.

"आबा, उदयसिंह सरांना नका ना सांगू," ती काकुळतीला आली. "मी मॅनेज करीन. तुमी टेन्शन घेऊ नका."

सयाजी घरी आला आणि जेवला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ; तक्रार कोणाकडे करणार? दोन दिवस तो तसाच घुम्यासारखा वावरला. तिसऱ्या दिवशी कामावरून सुटला तो थेट उदयसिंहकडे गेला. उदयसिंह तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, काही होईलच असं नाही, पण झालं तर बोटं जातील. मोहिमेच्या यादीतून तेजश्रीचं नाव कमी झालं.

पोरीनं आदळआपट केली असती तर परवडलं असतं. ती नुसती गप्प झाली. बापाला ताट वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही. ग्रुप निघाला त्या संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन निमूटपणे वाटाणे सोलत बसली. मला रडू आवरेना, तिच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी उदयसिंह सफरचंदं घेऊन आला. सयाजीनं त्याला खुर्ची दिली, तेजश्री दाराशी उभी राहिली.

"सगळे वर पोचलो, काका. या वेळी नशीबच चांगलं. वारा नाही, वादळ नाही, रोज ऊन. कोणाला साधा सर्दी-खोकलाही झाला नाही."

मेल्याची जीभ हासडावीशी वाटली. त्याचा काय दोष म्हणा, खरं तेच सांगत होता. पण एखाद्याला तरी जरा त्रास झाला, एवढं खोटं बोलला असता तर त्या घरावर उपकार झाले असते. चहा पिऊन तो निघून गेला. सफरचंदं तशीच टेबलावर राहिली. मीही उठले, पण सयाजी बोलायला लागला तशी दारातच थांबले.

"तेजे," तो खाली मान घालून म्हणाला, "माजं चुकलं का गं?"

कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही.

"मला काय माहीत, आबा? मी गेलेच नाय."

सयाजीनं मान हलवली. मग खुंटीवरचा जाड कोट घेतला आणि कामावर गेला.