चियांग माईला जाण्याआधी चाकणची एक फेरी

थायलंडला कायमचं राहायला जायच्या आधीच्या आठवड्यात मी आणि शालन स्कूटरवरून निरोप घ्यायला निघालो. कासारवाडीतून भोसरी, मोशी करत चाकण, तिथून महाळुंगे, तळवडे, मग पुनावळे आणि संध्याकाळी परत घरी. आता चियांग माईत बसून लिहायचं तर इथले डोंगर, विहार आणि बाजार यांच्याबद्दल लिहायला हवं, ओळखीची माणसं तेच विचारतात. पण लिहायला बसलं की मला तो स्कूटरवरचा दिवसच आठवतो.

मी चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालो. शालन बालवाडीत शिकवायची. आमचा एकुलता एक मुलगा, रोहित, चाकणलाच दुसऱ्या एका कारखान्यात होता. पहिल्या पाळीहून मोटारसायकलवर घरी येताना तो ट्रकखाली गेला, त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हा त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सून स्वाती आमच्याजवळच राहिली. तिची आई ती लहान असतानाच वारलेली, वडील परभणीला दुसऱ्या संसारात. पुढं आम्हीच तिची समजूत घातली, स्थळ पाहिलं आणि अमोलशी तिचं लग्न लावून दिलं, विहारातच. शालननं तिला स्वतः साडी नेसवली. ती पुनावळ्याला गेली आणि आमचं घर एकदम गप्प झालं.

त्यानंतर शालनची झोप गेली. दुपारी पाळी सुटायच्या सुमाराला बिल्डिंगच्या खाली मोटारसायकल थांबली की तिच्या हातातलं काम थांबायचं. नोकरीत असताना मी मशीन बसवायच्या कामासाठी दोन वर्षं चियांग माईजवळ होतो, तेव्हा तीही माझ्याबरोबर राहिली होती. म्हणून हवापालटाला तिला पुन्हा तिकडं नेलं. तिथं ती सकाळी विहारात जाऊन बसायची, येताना भाजी आणायची, आणि झोपायची. "इथं मला कुणी बिचारी म्हणत नाही," ती म्हणाली. तेवढ्यावर आम्ही ठरवलं. कासारवाडीचा फ्लॅट विकला. ताबा द्यायचा राहिला होता.

भोसरीच्या एमआयडीसीत शिरलो तसा मशीनवर सोडायच्या कूलंटचा, जळक्या तेलाचा वास आला. मागं बसलेली शालन म्हणाली, "हा वास तुमच्या शर्टांना यायचा. किती धुतलं तरी जायचा नाही." मोशीच्या पुलावर इंद्रायणीचं पाणी दिसतच नव्हतं, काठापासून काठापर्यंत हिरवीगार जलपर्णी. पुढं रस्त्याचं काम चाललेलं. ट्रकच्या रांगेतून स्कूटर काढताना शालननं उन्हासाठी साडीवरून गुंडाळलेली ओढणी एका ट्रॉलीच्या कडीला अडकली आणि फाटली. ट्रॉलीवाला खाली उतरून म्हणाला, "सॉरी ताई, पण गळ्याला बांधत जाऊ नका. खोचत जा." तिनं ती फाटकी ओढणी पिशवीत घातली.

चाकणला कांद्याचा बाजार होता. गोण्यांच्या थप्प्या, टेम्पो, पायाखाली कांद्याची सालं आणि हवेत तिखट वास. शालनचे डोळे वाहू लागले. "कांद्यानं," ती म्हणाली. मी मान हलवली. आम्ही एका टपरीवर उभ्यानं वडापाव खाल्ला आणि बबनरावांच्या घरी गेलो.

बबनराव माझ्याबरोबर टूलरूमला होते. मूळचे इथलेच शेतकरी, जमीन एमआयडीसीत गेली आणि तिच्या बदल्यात त्यांना नोकरी मिळाली. घर अजून जुन्या जागी आहे, फक्त कंपनीची भिंत आता त्यांच्या अंगणाला लागून उभी आहे. वहिनींनी बाजरीची भाकरी, मटकीची आमटी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा असं जेवण केलं होतं.  हात धुतल्यावर बबनराव म्हणाले, "तर मग जानारच म्हना की राव."

"जायचं आता. सगळं ठरलं."

"तिकडं म्हातारपणी पडलं झडलं तर कोन बघनार?"

"इथं तरी कोण आहे, बबनराव?"

ते ओशाळले. "व्हय, ते बी हायच." मग भिंतीकडं बघत म्हणाले, "आमी कुठं गेलो न्हाई. पन आता गावात वळखीचं एक मानूस भेटंना. समदी भाड्यानं राहनारी पोरं. तुमी चाललात, तुमाला निदान कुनी इचारंल तरी, कुठनं आलात म्हनून. आमाला आमच्याच गावात इचारत्यात."

निघताना वहिनींनी शालनला पाटावर बसवून ओटी भरायला घेतली आणि मध्येच थांबल्या. आम्ही बौद्ध, आमच्यात हे करत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. "राहू द्या का?" त्यांनी विचारलं. शालननं स्वतःच पदर पुढं केला. "भरा वहिनी," ती म्हणाली. "परत कोण भरणार आहे?"

मी स्कूटर हायवेच्या दिशेनं वळवली. चार वर्षं मी तळेगावचा रस्ता टाळत आलो होतो. शालननं पाठीवर हात ठेवला.

"तळेगावच्या रस्त्यानं घ्या."

"तिकडून लांब पडतं. शिवाय ट्रक फार..."

"मला ठाऊक आहे तिकडून काय आहे ते. मी अजून एकदाही बघितलेलं नाही. न बघता देश सोडून जाऊ का?"

अपघाताच्या दिवशी तिथं मी एकटाच गेलो होतो, तिला नेलं नव्हतं. नंतर तिनं कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. महाळुंग्याच्या अलीकडे एका वळणावर मी स्कूटर थांबवली. बघण्यासारखं काहीच नव्हतं. एक विजेचा खांब, मोकळं मैदान, कंटेनरची रांग. कडेला उसाच्या रसाचं एक गुऱ्हाळ, त्याच्या ताडपत्रीखाली चार खुर्च्या. अपघात झाला तेव्हा ते होतं की नव्हतं, मला आठवेना. शालन सरळ त्या रसवाल्या बाईकडं गेली. साठीच्या आसपासची, डोक्यावर पदर, हाताला उसाची पाचट चिकटलेली.

"तुम्ही इथं किती वर्षं आहात, मावशी?"

"लई झाली. सात-आठ तरी."

"चार वर्षांमागं इथं एक मुलगा... दुपारचा. मोटारसायकलवर होता. निळा शर्ट, कंपनीचा."

बाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. घुंगरांचा चरक चालू होता, तिनं बटण दाबून तो बंद केला. एकदम शांतता झाली आणि ट्रकांचा आवाज जास्तच ऐकू येऊ लागला.

"बाई, खोटं कशाला बोलू? हितं लई पोरं पडलीत. समद्यांची शर्टं निळीच. तुमचा कोन व्हता?"

"मुलगा."

बाईनं खुर्ची पुसली, शालनला बसवलं आणि आपणही समोर बसली. शालननं विचारलं, "तुम्ही धावता का, असं झालं की?"

"मग? जवळच तर हाय मी. पानी घेऊन जाती. तोंडाला लावती. कुनी पितं, कुनाला जमत न्हाई."

"म्हणजे त्यालाही कुणीतरी लावलं असेल."

"मी हितं असंन तर लावलंच असंल," बाई म्हणाली. "मी नसंन तर दुसरं कुनी. मानसं येत्यात हो. फोटो काढनारी बी येत्यात, पन पानी देनारी बी येत्यात."

शालननं मान हलवली. मी खांबाजवळ उभा होतो. मला पुढं जाववत नव्हतं. रोहितला पाणी कुणी दिलं का, हे मी त्या दिवशी कुणालाच विचारलं नव्हतं. मला ते सुचलंच नव्हतं. चार वर्षं ती घरात बसून ह्याच एका गोष्टीचा विचार करत होती.

निघताना बाईनं दोन ग्लास रस काढून दिला. आलं आणि लिंबू घातलेला. शालन पूर्ण ग्लास प्यायली.

निघोजं मागं पडलं. तळवड्याला आयटी पार्कच्या जवळ मागचं चाक बसलं. गळ्यात कार्ड अडकवलेली मुलंमुली चहाच्या टपऱ्यांभोवती उभी होती. त्यांच्यातून स्कूटर ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत नेली. पंक्चरवाला बोलण्यावरून लातूरकडचा वाटला. ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता म्हणाला, "कुठं निघालाव काका?"

मी थकलो होतो. तोंडातून निघून गेलं, "थायलंडला."

त्यानं स्कूटरकडं पाहिलं, शालनकडं पाहिलं. "मग काका, दोन्ही टायर बदलूनच घ्या."

शालन हसली. तोंडाला पदर लावून खांदे हलेपर्यंत हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. पंक्चरवाला गोंधळला. "काकू, मी काय चुकीचं बोललो का?" तिनं हातानंच नाही म्हटलं. त्यानं पुढं काही न विचारता पाण्याची बाटली तिच्याजवळ ठेवली आणि ट्यूब घासायला लागला.

निगडी, रावेत ओलांडून पुनावळ्याला पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मी कामाला लागलो त्या काळी इथं ज्वारी आणि वीटभट्ट्या होत्या. आता टॉवरांच्या मधून एखादंच जुनं कौलारू घर दिसतं. अकराव्या मजल्यावर स्वातीनं दार उघडलं आणि आम्ही दारातच उभे राहिलो. तिला सहावा महिना तरी असावा. फोनवर ती आठवड्यातून दोनदा बोलायची, आजही तिनंच बोलावलं होतं, पण हे तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं.

"या ना आई. पप्पा, या."

तिच्या सासूबाई भुसावळच्या, मोकळ्या स्वभावाच्या. "जय भीम, या या," म्हणत त्यांनी आमच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. आम्ही जेवून आलो म्हटलं तरी ऐकेनात. कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि भरीत ताटात वाढलं. "स्वातीला डोहाळे ह्याचेच लागलेत," त्या म्हणाल्या. अमोल ऑफिसातून लवकर आला होता. तो थायलंडच्या हवेबद्दल विचारत राहिला आणि मी उत्तरं देत राहिलो. शालन ताटात बोटं फिरवत होती. त्या घरात कुणीही आमच्याशी परक्यासारखं वागलं नाही. तरी मला सारखं वाटत होतं, आपण पाहुणे आहोत आणि पाहुण्यांनी वेळेवर उठावं.

"तुम्ही निश्चिंत जा," सासूबाई शालनला म्हणाल्या. "आम्ही आहोत ना."

शालन म्हणाली, "हो. तुम्ही आहात म्हणून तर."

स्वाती आम्हाला पोहोचवायला पार्किंगपर्यंत आली. मी स्कूटर काढत होतो, त्या दोघी खांबाजवळ उभ्या होत्या.

"आई, चिडलात?"

"फोनवर का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जाणं रद्द केलं असतं."

"केलंच असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं. तुम्हाला तिकडं झोप लागते, पप्पा म्हणाले होते."

"मग आज कशाला बोलावलंस?"

स्वातीनं ओठ घट्ट मिटले. "न दाखवता कसं जाऊ देणार होते?" मग मान खाली घालून म्हणाली, "सासूबाई परवा सहज म्हणाल्या, पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तुमच्याकडं कसं करायचं? वाईट मनानं नाही म्हणाल्या. पण मी काय सांगणार? माझं माहेर कासारवाडी. ते तर विकलं."

शालननं तिला जवळ घेतलं, पोटाला धक्का लागू नये म्हणून जराशी बाजूनं.  वॉचमन येऊन गाडी बाजूला घ्या म्हणाला, ती मी घेतली.

डांगे चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा शालन कानाशी म्हणाली, "नवव्या महिन्यात मी येणार. तुम्ही तिकडंच राहा."

"मीपण येतो की."

"दोघांनी कुठं राहायचं? एका बाईची सोय होते कुणाच्याही घरात. दोघं गेलो की त्यांना खोली द्यावी लागते."

ते खरं होतं. सिग्नल सुटला, मी स्कूटर पुढं घेतली. घरी पोहोचलो तर हॉलभर बांधलेली खोकी. पलंग, कपाट आधीच गेलेलं. आम्ही जमिनीवर सतरंजी टाकून बसलो. त्या घरात रोहित रांगला होता, तिथूनच त्याला उचललं होतं, तिथूनच स्वातीला निरोप दिला होता. आपण दुःखापासून लांब जातोय असं वाटून आम्ही ते घर विकलं होतं. एका मुलीचं माहेरही त्यात जाईल, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. आम्ही कुणाचं माहेर आहोत हेच आम्हाला माहीत नव्हतं.

ठरल्याप्रमाणे आम्ही चियांग माईला आलो. नवव्या महिन्यात शालन परत गेली आणि पुनावळ्याच्या त्या घरात, सासूबाईंच्या खोलीत, खाली गादी घालून राहिली. स्वातीला मुलगी झाली. मी इथं विहाराच्या पायऱ्यांवर बसलो होतो तेव्हा शालनचा फोन आला.

"दोघी बऱ्या आहेत," ती म्हणाली. मागं बाळाचं बारीक रडणं ऐकू येत होतं.

कुणासारखी दिसते, हे विचारायला माझं तोंड उघडलं होतं. सगळे आजोबा तेच विचारतात. मी ते तसंच मिटलं.

शालनला ते कळलं असावं. "स्वातीवर गेलीय," ती आपणहून म्हणाली. "नाक अमोलचं आहे." जरा थांबून म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"