बॉनेटवरचे मोती

आमची गाडी पाडव्याला घरी आली. त्याआधी चार दिवस ती मुलुंडच्या एका दुकानात मुक्कामाला होती, कारण तिच्या अंगावर पारदर्शक फिल्म चढवायची होती. मोबाईलच्या काचेला आपण गार्ड लावतो तसाच प्रकार, पण बॉनेटपासून डिकीपर्यंत अख्ख्या गाडीला. ओरखडे उठू नयेत, रंग उन्हाने विटू नये, म्हणून. नवऱ्याने मला हे अशा आवाजात सांगितलं की बाळाला लस टोचायला नेलंय असं वाटावं. मी विचारलं, लावल्यावर दिसते का ती? तो म्हणाला, अजिबात नाही. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल माणूस सलग तीन आठवडे बोलू शकतो, हे मला त्यानंतर कळलं. (तोंडावर मी त्याला अहो म्हणते. लिहिताना तेवढी सवलत घेते.)

इथे माझ्या थोरल्या दिरांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते नवऱ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा दादांनी शिक्षण सोडून नोकरी धरली आणि धाकट्याला शिकवलं. आता ते सावंतवाडीजवळ गावी राहतात. पण आमच्या घरातला प्रत्येक निर्णय गावाला जाऊन यायचा. भांडुपचा फ्लॅट घ्यावा का, मुलीला कुठल्या कॉलेजात घालावं, फ्रिज एका दाराचा की दोन. दादांनी कधी हक्क गाजवला नाही. विचारायची सवय याचीच. बाहेरून आल्यावर हातपाय धुवावेत, तसं हा दादांना विचारायचा.

गाडी मात्र त्याने न विचारता घेतली. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय, एक तरी गोष्ट आपल्या मनाने करू दे, एवढंच मला म्हणाला. फिल्मसकट गाडी दारात उभी राहिली, मग दादांना फोन केला. दादांनी विचारलं, "गाडयेक प्लॅस्टिक कित्याक?"

याने समजावून सांगितलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक काढलंत की अजून तसंच आहे, असं विचारून फोन ठेवला. तसंच होतं. ते मी त्या संध्याकाळी काढलं.

दुकानदाराने सांगितलं होतं की या फिल्मवर पाणी टिकतच नाही, घरंगळून जातं. यातून आमच्या घरी असा अर्थ काढला गेला की गाडी पुसणं हा फिल्मचा अपमान आहे. दर रविवारी सकाळी दहाला धुणं सुरू व्हायचं. सोसायटीत गाड्यांना महापालिकेचं पाणी वापरायला बंदी, त्यामुळे गेटजवळच्या बोअरवेलच्या नळाला पाइप लावायचा. पाणी पडलं की गाडीभर गोल, टपोरे थेंब उभे राहायचे. ते बघायला मला खाली बोलावलं जाई. "मोत्यासारखे आहेत ना?" तो म्हणायचा. मी हो म्हणायचे आणि डाळ गॅसवर आहे असं सांगून वर यायचे. साडेदहाला समोरच्या इमारतीवरून ऊन आमच्या कंपाउंडमध्ये उतरतं. मोती उन्हात ठेवून हा समाधानाने आंघोळीला जायचा.

बोअरवेलच्या पाण्याचं मला नवीन नव्हतं. आमच्या न्हाणीघरातली निळी बादली सहा महिन्यांत पांढरी होते. पण गाडी त्याची, रविवार त्याचा. मी बोलले नाही. ती माझी चूक, एवढी मी मान्य करते.

पाचव्या रविवारनंतर गाडीवर कव्हर आलं. आधी तो म्हणायचा, फिल्म असताना कव्हर कशाला. आता म्हणाला, कबुतरं फार झालीत. मी बाजारातून येताना कव्हरचं एक टोक उचललं. गडद निळ्या बॉनेटवर पांढरी वर्तुळंच वर्तुळं, मोठी, छोटी, एकात एक. मोती सुकले होते आणि त्यांच्यातला चुना मागे राहिला होता.

वर आल्यावर मी विचारलं, "गाडीला कांजिण्या कधी आल्या?"

तो पेपरमागून म्हणाला की धूळ आहे. धूळ इतकी गोल असते हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हटलं. मग पेपर खाली आला. दोन दिवस तो कोरड्या फडक्याने घासत होता, वर्तुळं हलली नव्हती, उलट एके ठिकाणी फिल्म धुरकट दिसायला लागली होती. दुकानदार लग्नाला नागपूरला गेला होता, पुढच्या आठवड्यात या म्हणाला. वॉचमनने रॉकेल सुचवलं होतं. कोणीतरी टूथपेस्ट.

त्याच संध्याकाळी दादांचा फोन. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघून शनिवारी सकाळी येतो, संध्याकाळी बोरिवलीला मामेभावाच्या मुलीचं लग्न आहे, तुझ्याच गाडीने जाऊ. आणि पाडव्याला मी नव्हतो तर गाडीला नारळ फोडायचा राहिलाय, तो घरच्या माडाचा घेऊन येतो.

फोन ठेवून हा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. खाली कव्हर घातलेली गाडी होती. मी चहा दिला तरी वळला नाही. मग म्हणाला, "दादा बघणार आणि म्हणणार, मला विचारलं असतंस तर."

"म्हणतील. मग?"

"मग काही नाही."

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. वर्तुळं बॉनेटवर होती, पण त्याला भीती त्या एका वाक्याची होती. दादा ते वाक्य बोलले तर हा आयुष्यात पुन्हा पंखासुद्धा स्वतःच्या मनाने घेणार नाही, हे मला स्पष्ट दिसलं. आणि मग पंख्याच्या चौकशीचे फोन मी ऐकायचे. तेव्हा यात माझाही स्वार्थ होता.

मी सत्तावीस वर्षं शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. मुलं काचेच्या नळ्या नळाच्या पाण्याने धुऊन तशाच वाळवतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या नळ्या आतून पांढऱ्या झालेल्या असतात. त्या मी घासत नाही. सौम्य आम्लात थोडा वेळ ठेवते, डाग विरघळतो, मग डिस्टिल्ड पाण्याने धुते. घासलं तर काच खराब होते, डाग तिथेच राहतो. हे मी त्याला सांगितलं आणि ओट्याखालची पांढऱ्या व्हिनेगरची बाटली काढली.

त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. ज्या फिल्मबद्दल तो तीन आठवडे बोलला होता, तिच्यावर मी चायनीजच्या गाडीवरचं सामान ओतणार होते. "अगं, ते वितळलं म्हणजे?" तो म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही कोबीचं लोणचं खाता तेव्हा वितळता का? पण नव्या कोऱ्या वस्तूवर प्रयोग आधी कोपऱ्यात करावा, हे मीही मानते. मागच्या दाराच्या अगदी खाली, जिथे वाकल्याशिवाय दिसणार नाही, तिथे करून बघू असं ठरलं.

तरी त्याने नागपूरला फोन लावलाच. पाच मिनिटं हुं हुं केलं आणि मला येऊन सांगितलं की दुकानदाराच्या मते अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी असं लावून बघायला हरकत नाही, गाडी गार असताना, सावलीत, आणि घासायचं नाही. बातमी सांगावी तशा सुरात. मी तेच मिश्रण ढवळत होते. ढवळत राहिले.

गुरुवारी आणि शुक्रवारी आम्ही सकाळी सहाला खाली उतरलो. मऊ फडकं मिश्रणात भिजवून डागावर पसरायचं, दोन मिनिटं थांबायचं, सुकू द्यायचं नाही, मग हलक्या हाताने उचलत पुसायचं आणि साध्या पाण्याने धुवायचं. शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेला कॅन घरात होता, तो अर्धा संपवला. मागच्या दाराखालचा भाग स्वच्छ निघाला तेव्हा तो गुडघ्यावर बसून टॉर्चने बघत होता. हात लावू का, असं त्याने मला विचारलं. आपल्याच गाडीला.

कंपाउंडभर वास सुटला. वॉचमन येऊन म्हणाला, मॅडम, सकाळी सकाळी कांद्याचं लोणचं घालताय काय. नवऱ्याने त्याला गंभीरपणे सांगितलं की ही प्रक्रिया आहे.

छप्पर निघालं, दारं निघाली, बॉनेटचा बहुतेक भाग निघाला. ज्या ठिकाणी पाणी जास्त दिवस बसलं होतं तिथे चुना गेला तरी फिल्मवर पुसट कडी राहिली. दुकानदाराने त्यावरचा उपाय सांगितला होता, गरम पाणी सोडायचं, उकळतं नव्हे, म्हणजे फिल्म थोडी सैलावते आणि आपणच सारखी होते. शुक्रवारी मी आंघोळीच्या गरम पाण्याची बादली खाली नेली. पाच कड्या होत्या, त्यातल्या चार गेल्या. वायपरजवळची एक, रुपयाएवढी, काही केल्या जाईना. तो आणखी घासायला निघाला, तेव्हा मी फडकं काढून घेतलं. एक राहिली तर राहिली.

शनिवारी अकराला दादा रिक्षातून उतरले ते पिशवी घेऊन थेट गाडीकडे. पाणी प्यायलासुद्धा वर आले नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरून तळवा फिरवला, बोटं चोळून पाहिली. नवरा शेजारी ताठ उभा, खांद्यावर गाडीचा टॉवेल. मी हळद-कुंकवाचं ताट घेऊन होते. ऊन पूर्ण गाडीवर आलं होतं.

दादांनी नारळ ओवाळला, चाकाजवळच्या दगडावर एका फटक्यात फोडला. माडाचा ताजा नारळ, पाण्याने भरलेला. ते पाणी त्यांनी करवंटीत धरलं आणि गाडीवर शिंपडलं. थोडं नाही, सढळ हाताने, बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फिल्मने तिचं काम केलं. सगळीकडे गोल, टपोरे, गोडसर मोती उभे राहिले.

मी नवऱ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसले असते.

दादांनी कुंकवात पाणी घालून अंगठा बुडवला. बॉनेटच्या मधोमध स्वस्तिक काढायला हात पुढे नेला.

"दादा, थांब."

दादांचा हात तसाच राहिला. माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, हे दोन शब्द या क्रमाने मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कुंकू काचेवर काढ," नवरा म्हणाला. "यावर डाग बसतो. आणि हे पाणी मला आत्ताच पुसायला लागेल. उन्हात सुकलं तर निघत नाही." एका दमात बोलला आणि टॉवेल खांद्यावरून काढून हातात धरला, पण जागचा हलला नाही.

दादांनी त्याच्याकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे. कुंकू मनगटापर्यंत ओघळत होतं.

"काचयेर काढू? मगे तुका फुडचा दिसतला मा?"

"डावीकडे खाली काढ. तिथून मला काही बघायचं नसतं."

दादा वळून डाव्या बाजूला गेले आणि काचेच्या कोपऱ्यात, वाकून, जरा वाकडं स्वस्तिक काढलं. तोवर हा बॉनेट टिपत होता, एका दिशेने, घासाघीस न करता, मी शिकवलं तसं. वायपरशी आला तेव्हा त्याचा हात थबकला. दादा तिथेच उभे होते. त्यांनी बोट ठेवलं.

"ह्यो डाग कसलो रे?"

आता सांगेल धूळ आहे, असं मला वाटलं.

"माझी चूक," तो म्हणाला. "बोअरचं पाणी उन्हात सुकू दिलं. अख्खी गाडी अशी झाली होती, दोन दिवस साफ करतोय. एवढा राहिला."

मी ताट घट्ट धरलं. ते वाक्य आता येणार होतं. दादांनी डागावर नख फिरवून पाहिलं, वाकून एका डोळ्याने पाहिलं. म्हणाले, "माका इचारलं असतंस तरी माका खंय म्हायत होतां."

आणि त्याच्या हातातल्या टॉवेलचं दुसरं टोक घेऊन आधी आपला कुंकवाचा अंगठा पुसायला लागले. नवरा दचकला. गाडीचा टॉवेल होता तो. पण तेवढं मात्र तो बोलला नाही. एका दिवशी किती बोलायचं.

संध्याकाळी बोरिवलीला जाताना दादा पुढे बसले होते. पवईच्या सिग्नलला त्यांनी मागे वळून मला विचारलं, दुपारी जेवताना ऐकलेलं ते व्हिनेगर गावच्या टाकीच्या नळांवर चालेल का, सगळे पांढरे झालेत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवऱ्याने सांगायला सुरुवात केली. अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर, गार असताना, आणि घासायचं नाही. अगदी तपशिलात, जोगेश्वरी येईपर्यंत.