पाटकर साहेबांची फेरी

गोराईच्या खाडीवर धुकं असं बसलं होतं, जणू पलीकडची बोरिवली कुणी पुसून टाकली. शेवंतीने शेण ओढलं, पेंड भिजवली, धारा काढल्या. गुणाजी, तिचा नवरा, दुधाचे कॅन घेऊन बोटीकडे गेला. पाठीमागून येऊन दाव्याची गाठ ओढून बघणारं आता कुणी नव्हतं. तरी तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

विद्याधर पाटकर जाऊन महिना होत आला होता. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी विमान चालवलं होतं, असं म्हणत. पुढे ते सगळं सोडून इथे वाडी घेतली नि म्हशी बांधल्या. गावाला काही ते पटत नसे. विमानवाला माणूस शेणात कशाला हात घालेल? डोक्यावरून विमान गेलं तरी हा मान वर करत नाही. काहीतरी करून पळून आलेला असणार.

शेवंतीचा सल वेगळा होता. रोज पहाटे तिच्या म्हशी बांधून झाल्या की साहेब यायचे. डाव्या शिंगापासून सुरुवात. मानेवर हात, मग पुढचा पाय, पोट, शेपूट, नि दुसऱ्या अंगाने परत शिंगाशी. दावं ओढून बघायचे. मगच म्हणायचे, "हां, बस धारेला." एवढी वर्षं! चोराच्या हातावर ठेवावी तशी नजर. गुणाजीला साप चावला तेव्हा साहेबांनीच टेम्पो काढला, खरं. पण नवरा इथे काळानिळा पडतोय, नि हा माणूस टेम्पोला फेरी मारून चाकं चाचपतोय! शेवंतीने तेव्हा शिव्या घातल्या होत्या. गुणाजी वाचला, राग मात्र राहिला.

आज वाडीत श्रद्धांजलीची सभा होती. साहेबांचा पुतण्या शौनक अंधेरीहून आला होता.

"मावशी, दोन शब्द तुम्ही बोलायचे हां. तुमच्याइतकं काकांना कुणी ओळखत नाही."

"माका नको सांगू रे बाबा. माज्यार त्यांचो इश्वासच नाय होतो. काय बोलू?"

शौनकने इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "काका खरंच पायलट होते ना, मावशी? युनिफॉर्ममधला एक फोटो सापडत नाहीये."

"माका काय ठाऊक?"

सभेला एक गाडी आली. आतून काठी टेकत एक म्हातारा उतरला. जयवंत, म्हणाला. साहेबांसोबत उडायचो, म्हणाला. पेपरातली जाहिरात वाचून आलो, म्हणाला. शौनकने बोलावलं नव्हतं. म्हातारा गोठ्यात शिरला, पत्र्याकडे बघितलं, खांब ठोकून पाहिला. शेवंती पदर खोचून मागोमाग.

"जागा बघूक इलात?" तिने सरळ विचारलं.

"विद्याची जागा बघायला आलो, बाई." नि हसला. हसणं तिला आवडलं नाही.

सभेत तो चांगलं बोलला. पण चांगलं बोलणारे गोराईने पुष्कळ पाहिलेत. शेवंतीची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली. "साहेब दुधात पाणी घालू देयत नव्हते," एवढंच बोलून खाली बसली. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

म्हातारा निघाला. ड्रायव्हरने गाडीचं दार उघडून धरलं, पण तो आत बसेना. काठी बॉनेटला टेकवली. गाडीच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात. पत्र्यावर हात, चाकाशी वाकून नजर, मग मागे, नि दुसऱ्या अंगाने परत पुढे. ड्रायव्हर दार धरून निवांत उभा. शेवंतीने ही फेरी ओळखली.

"अवो," ती पुढे झाली. "तुमचो पण ड्रायव्हरार इश्वास नाय?"

"याच्यावर? अहो, माझी नातवंडं शाळेत न्यायला याच्या हाती देतो."

"मग ह्यां काय?"

म्हाताऱ्याने काठी घेतली. "सवय. विमान तयार करून देणारा आमचा माणूस असायचा. जीव त्याच्या हातात. तो 'तयार' म्हणाला, की आपण फेरी मारायची, मगच चढायचं. फेरी न मारता कुणी चढला, तर तोच चिडायचा. माझं काम बघितलं नाहीस म्हणून. विद्या तर एका फेरीवर भागवायचा नाही." तो थांबला. "इथेही मारायचा का?"

शेवंतीने गोठ्याकडे पाहिलं. गाडी धूळ उडवत गेली, तरी ती तिथेच. मग ओटीवर हार घातलेल्या फोटोकडे वळून पुटपुटली, "तोंड उघडून सांगूक काय झाला हुता रे तुका, मेल्या?" साहेबांना ती पहिल्यांदाच एकेरीत बोलली होती.

संध्याकाळी गुणाजीने म्हशी बांधल्या. शेवंती चरवी घेऊन आली, पण बसली नाही. चरवी खाली ठेवली. डाव्या शिंगावर हात, मान, पुढचा पाय.

"काय गो," गुणाजी भडकला, "माज्यार इश्वास नाय?"

"आसा इश्वास. गप ऱ्हवा."

शेपटाला वळसा घालून ती परत शिंगाशी आली, दाव्याची गाठ ओढली. गच्च होती. मग ती उकिडवी बसली, सडांवर पाणी मारलं आणि पहिली धार चरवीत सोडली.