आरामखुर्चीचं नवं कापड

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. अकोल्याला जठारपेठेत ते एकटेच राहतात, मी अमरावतीला. मी सोबतीला आले होते, पण माझी रजा संपत आली. तेव्हा मी सरळ अट घातली: गॅलरीतल्या आरामखुर्चीतून कुणाचा हात न धरता उठून दाखवा, नाहीतर कायमचे माझ्याकडे चला. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हणजे त्यांच्या लेखी इज्जतच गेली. ते म्हणाले, "मंजूर."

पण खुर्चीचं कापड मधोमध विरलं होतं, कधी फाटेल नेम नव्हता. आधी ते बदलायचं ठरलं. बाबा दुपारी झोपलेले असताना मी कामाला लागले. वरच्या दांड्याला सुतळी गुंडाळलेली होती, ती कापली. कापड ओढून काढलं, फरशीवर पसरून टेपने मोजलं, दांडे घालायच्या दोन्ही नेफ्यांसकट. मी शाळेत गणित शिकवते. माप चुकेल असं मनातसुद्धा आलं नाही.

ताडपत्र्या शिवणाऱ्या चाचांनी माझा मापाचा कागद पाहिला.

"बाई, हे तं कापडाचं माप हाये. खुर्चीचं कुठं हाये?"

"कापडच शिवायचं आहे ना चाचा? लिहिलंय तेवढं शिवा."

"घरी येऊन पाहू का एकडाव?"

"काही गरज नाही हो." घाईत असले की मला समोरच्याचं ऐकूच येत नाही. हा माझा जुना रोग आहे.

चौथ्या दिवशी हिरवं कॅनव्हास आलं. बाबा बसले ते खाली खाली जातच राहिले, फरशी चार बोटांवर उरली. दोनदा त्यांनी हातांवर जोर दिला. तिसऱ्यांदा मान लालबुंद झाली. शेवटी शेजारच्या वहिनींना हाक मारली आणि दोघींनी काखेत हात घालून त्यांना वर काढलं. 

वहिनी गेल्यावर बाबा म्हणाले, "मुद्दाम खोल शिवून आनली ना तू? मले न्याचं हाये म्हून."

"काहीही काय बोलता बाबा! जुन्याच मापाची आहे."

"जुनं कापड ढिलं पडलं की मी ते दांड्याले येढे देऊन सुतळीनं बांधत होतो. तीन येढे झाले होते. इचारलं काहून नाही मले?"

मला राग आला, तो बाबांचा नाही, माझाच.

मी चाचांना फोन केला. ते आले, "म्हनलं होतं मी," असं एका शब्दानंही म्हणाले नाहीत. खालच्या दांड्यापासून वरच्या दांड्यापर्यंत दोरी धरली, बाबांच्या गुडघ्याची उंची पाहिली, आणि दीड वीत कापड कमी करून दुसऱ्या दिवशी स्वतःच बसवून दिलं.

बाबा बसले. "आता सरक तिकडं," मला म्हणाले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी दोन्ही हात टेकवले, अर्धे उठले आणि तिथंच अडले.  मी मुद्दाम काही केलं नव्हतं, अगदी देवाशपथ. पण त्या घडीला माझ्या मनात आलं, परत बसले तर बरं होईल, माझ्याकडे येतील तरी.

बाबा माझ्याच तोंडाकडे पाहत होते. मग ते उठले.