एका किलोमीटरच्या आतला मिस्तरी

२०२२ साल होतं, मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि कीबोर्डला हात लावायच्या आधी रॉकेलने हात धुणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आर्णीच्या बसस्टँडमागे त्याचं दुकान. अर्ध्या दुकानात मोटरसायकली पोट उघडून पडलेल्या, उरलेल्या अर्ध्यात कॉम्प्युटर. इंजिनात हात असला तर आधी रॉकेल, मग साबणाचा चुरा, मग पँटला पुसणं आणि मगच खुर्ची. त्याला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. हिंदू असो की मुसलमान, सगळ्यांचा तो मिस्तरी.

वर्षभर तो गाड्या दुरुस्त करी आणि मोफत प्रवेशाचे दिवस आले की फारम भरी. गरिबाच्या पोराला खासगी शाळेत पाठवायचं आणि फी सरकारने भरायची, अशी ती योजना. सरकारची स्वतःची शाळा रस्त्याच्या पलीकडेच उभी आहे. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, मला एवढंच कळतं की आपल्या विहिरीवर झाकण ठेवून शेजाऱ्याचं पाणी घ्यायला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे नाही. मिस्तरीला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काकाजी, बरोबर हाय. पन पोराले तहान आज लागली ना!"

फारमाच्या बाबतीत तो फार खडूस. "फारम म्हंजे गाडीच हाय," म्हणायचा. "एक नट ढिला राह्यला तर दुकानात नाई, घाटंजीच्या रस्त्यावर बंद पडते." एका बाईला त्याने दाखल्यासाठी तीनदा परत पाठवलं. ती बोटं मोडत निघाली तर मागून ओरडला, "शिव्या देत जा माय, पन कागद घेऊन ये!" चौथ्यांदा ती कागद घेऊन आली आणि शिव्याही.

माझं त्याचं वाजलं ते पत्त्यावरून. मुलगा आर्णीत ड्रायव्हर, भाड्याच्या एका खोलीत राहायचा. सूनबाई नातीचा फारम भरायला निघाली, मी सोबत गेलो. मिस्तरीने पत्ता विचारला. सूनबाई तोंड उघडायच्या आत मी गावाचं नाव सांगितलं.

"काकाजी, गाव नऊ किलोमीटर. शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत पायजे."

"भाड्याची खोली घर असते का? माझं घर गावात आहे. दगड मी वाहले, माती मी कालवली. तेच लिहा."

"मामाजी, राह्यतो तर आम्ही इथीसा," सूनबाई पदराआडून म्हणाली.

"तुम्ही राहता. घर तिकडे आहे."

मिस्तरी हसला नाही. त्याने कॉम्प्युटरवर नकाशा उघडला, माझ्या गावावर लाल खूण ठेवली आणि पडदा माझ्याकडे वळवला. खाली शाळांची यादी यायची जागा होती. ती कोरी होती.

"पाहा," म्हणाला. "घर भारी हाय तुमचं. पन सरकारले त्याच्याजवळ एक बी शाळा दिसून नाई राह्यली."

मी काठी उचलली आणि निघून आलो. माझ्यामागे त्याने खूण खोलीवर नेऊन ठेवली, हे मला पुढे कळलं. विचारलं असतं तर मी होकार दिला नसता, म्हणून त्याने विचारलं नाही.

प्रवेशाच्या सोडतीत कुणाचा नंबर लागला की तो फोन करत नसे. दुरुस्तीला आलेली एखाद्या गिऱ्हाइकाची गाडी काढायचा आणि स्वतः सांगायला जायचा. गाडीवाला चिडला तर म्हणायचा, "ट्रायल घेऊन राह्यलो भाऊ." आमच्या नातीच्या नंबरासाठी अशीच एक ट्रायल नऊ किलोमीटर झाली. माझ्या दारात गाडी उभी करून म्हणाला, "लागला. आता कागद तपासतीन. एक काम करा काकाजी, त्या दिवशी तुमी येऊ नका."

मिस्तरी मागच्या वर्षी गेला. दुकानाचं शटर अजून अर्धंच उघडतं; त्याचा मुलगा फक्त गाड्या करतो. मातीला मीही गेलो होतो, आणि तिथे माझ्याएवढं त्याच्याशी भांडलेलं दुसरं कुणी नव्हतं, ही बढाई मी कुणालाही मारू शकतो.

येऊ नका म्हटल्यावर मी घरी बसेन असं त्याला वाटलं, एवढीच त्याची चूक. तपासणीच्या दिवशी पंचायत समितीत मी पुढच्याच बाकावर बसलो. तपासणीच्या मॅडमनी कागद पाहिले, खोलीचा करारनामा पाहिला आणि सहज विचारलं, "आजोबा, राहता कुठे?"

मी ताठ होऊन गावाचं नाव सांगितलं, घर सांगितलं, अंगणातला कडुनिंबही सांगितला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. सूनबाईच्या चेहऱ्याकडे मला पाहवलं नाही.

मागून मिस्तरी पुढे आला. "मॅडम, बुढा राह्यते गावात, पोरगी राह्यते मायबापाजवळ. बुढ्याले कुठी पहिलीत घालून राह्यलो?" लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. "उद्या सकाळी खोली पाहायला येते," म्हणाल्या, "खरंच राहत असतील तर प्रवेश, नाहीतर नाव रद्द."

बाहेर आल्यावर त्याने मला कोपऱ्यात घेतलं. "काकाजी, त्या खोलीत तुमी कवा पानी पेले?"

"नाही पिलो." तीन वर्षं मी दारातूनच परत फिरत होतो.

"काहून?"

मी बसस्टँडकडे निघालो, तर त्याने माझी काठी धरली.

"उद्या दारात उभे राहून 'हे आमचं घर नाई' म्हनसान, तर माह्यापाशी याच्यावर कोनताच पाना नाई."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसने आर्णीला गेलो. खोलीत शिरलो, तांब्याभर पाणी मागून प्यालो आणि दाराशी येऊन उभा राहिलो. मॅडम आल्या, तशाच आत पाऊल टाकायला लागल्या. मी काठी आडवी धरली.

"बाई," म्हटलं, "चपला बाहेर काढा. घर आहे हे."