न पळालेल्या वाटेचा सत्कार

मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी आम्ही नवराबायको हुपरीहून कोल्हापूरच्या एस.टी.त बसलो, तेव्हा कडेची जागा मी ह्यांना दिली. ह्यांचा उजवा गुडघा वाकत नव्हता, पाय वाटेत लांब करूनच बसावं लागत होतं. कंडक्टर येता-जाता त्या पायाला अडखळायचा. शेवटी त्यानं विचारलंच, "पावणं, दवाखान्यात निघालासा व्हय?"

"न्हाय, पळायला," हे म्हणाले.

पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघून हसल्या. मी पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारखं केलं आणि कोल्हापूर येईपर्यंत मान वर काढली नाही.

आमचं चांदीचं काम घरातच चालतं. दिवसभर मांडी घालून पैंजणं जोडायची. पन्नाशीला दोघांनाही साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि चालता चालता आम्ही पळायला कधी लागलो ते कळलंच नाही. पहाटे उसाच्या रानातून जाणाऱ्या रस्त्यावर पळायचो, उजाडायच्या आत परत यायचो. ट्रॅकपँटमध्ये मला कुणी बघू नये एवढीच माझी धडपड असायची. पण एकवीस किलोमीटरला नाव घातलं आणि ह्यांनी ते गल्लीभर सांगितलं. मग माघार घ्यायची सोय राहिली नाही. स्पर्धा तोंडावर आली आणि उसाच्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर सांडलेल्या चिखलात ह्यांची स्कूटर घसरली, गुडघा नारळाएवढा सुजला. माझी टाच त्याआधीपासूनच दुखत होती. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसावा तशी कळ मस्तकात जायची.

"तुम्ही राहू द्या, मी एकटी जाते," असं मी म्हणायची. "तुझी टाच बघ आधी," हे म्हणायचे. शेवटी कुणीच राहिलं नाही.

कोल्हापुरात वन्संकडे, म्हणजे ह्यांच्या बहिणीकडे, मुक्काम होता. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. आम्ही कठडा धरून एकेक पायरी आडवे चढत होतो आणि वन्सं वर दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अगं वहिनी, उद्या पळणार ती तुम्हीच व्हय? का दुसरं कोण हाय?"

जेवण झाल्यावर त्यांनी टॉवेलात बर्फ बांधून दिला. म्हणाल्या, "सकाळी गुमान झोपून ऱ्हावा. कोण विचारायला येतंय?" खरं म्हणजे शहाणपणाचं बोलणं होतं ते. पण गल्लीला काय सांगायचं, हा विचार दोघांच्याही डोक्यात होता. आम्ही पहाटेचा गजर लावला.

सकाळी सुरुवात बरी झाली. रंकाळ्याच्या कडेनं गार वारा होता, पाय तापले तशी टाचही जरा सुधारली. पण थोड्याच वेळात हे मागं पडायला लागले. मी थांबले की हात हलवून म्हणायचे, "तू हो पुढं. मी येतो सावकाश." मग मी गेले. निम्म्याहून जास्त अंतर कापलं आणि टाचेनं जाब विचारायला सुरुवात केली. पळणं सुटलं, चालणं आलं, पुढं पुढं तर नुसत्या चवड्यावर लंगडणं. शेवटचा सरळ रस्ता लागला तेवढ्यात मागून हाक आली, "अगं, थांब!"

हे होते. मला आनंद झाला, पण त्यांचा शर्ट कोरडा होता.

"एक दूधवाला भेटला," हे खालच्या आवाजात म्हणाले. "त्याच्या मोटारसायकलवरनं आलो. तुझी टाच डोळ्यापुढनं हलंना."

"मग आता बाजूला व्हा. छातीवरचा नंबर काढा."

ते पिना काढायला लागले. पण मला टाच टेकवेना. मी तोल जाऊन त्यांच्या खांद्यावर रेलले, तसं त्यांनी पिना सोडून मला सावरलं. एकमेकांच्या आधारानं, दोघंही लंगडत, आम्ही कमानीखालून आत गेलो. माईकवाला तर नाचायचाच बाकी होता. "बघा बघा, जखमी पायानं नवराबायको जोडीनं आलीत! टाळ्या की जोरात!" काय होतंय ते कळायच्या आत दोघांच्या गळ्यात मेडल पडलं आणि आम्हाला स्टेजवर नेलं.

स्टेजवर फेटे बांधले, शाली पांघरल्या. हे माईकवाल्याच्या कानाशी लागून म्हणाले, "ओ साहेब, मी मधलं अंतर गाडीवरनं आलोय." त्यानं माईकवर हात ठेवला. "असू द्या की मामा, कोण बघतंय." आणि मग हात काढून मोठ्यानं, "मामा लाजायला लागलेत बघा!" सगळे हसले, पुन्हा टाळ्या झाल्या.

खाली गवतावर एक तरुण मुलगी बुटाच्या नाड्या सोडत बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिनं शेजारणीला कोपर लावलं, ह्यांच्याकडे बोट केलं आणि हाताची मूठ मोटारसायकलच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखी फिरवली. माझा हात ह्यांच्या हातात होता. नारळ घ्यायचं निमित्त करून मी तो सोडवून घेतला.

तिची खूण ह्यांनीही बघितली होती. खाली उतरल्यावर हे थेट त्या मुलीकडे गेले. मी मागंच उभी राहिले. ह्यांनी मेडल काढून तिच्यापुढं धरलं. "पोरी, हे माझं न्हवं. तू बघितलंयस."

ती रागावली नाही. "मला कशाला देताय, काका?" ती म्हणाली. "माझं मी पळून मिळवलंय." आणि पाण्याची बाटली घेऊन उठून गेली.

मेडल हातात धरून हे तिथंच उभे होते. शेवटी त्यांनी ते खिशात घातलं.

आमच्या आधी आमचा फोटो हुपरीत पोचला होता. वन्संनीच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. गल्लीत शेजारणी ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या. हे चप्पल काढायच्या आत म्हणाले, "ओवाळू नगासा. मी दूधवाल्याच्या गाडीवरनं गेलतो, मधलं पळालोच न्हाय."

मग शेजारचे म्हातारे खो खो हसत सुटले. "गडी काय चेष्टा करतोय बघा!" आणि सगळी गल्ली हसली. ह्यांनी पुन्हा सांगून बघितलं, तसे लोक अजूनच हसले. मी म्हणू शकले असते, की खरंच आहे ते. पण ताट माझ्याही पुढं होतं. मी मान खाली घालून कुंकू लावून घेतलं.

संध्याकाळी गरम पाण्याची बादली घेऊन आम्ही मागच्या पडवीत बसलो. ह्यांनी पाण्यात पाय सोडले. मग म्हणाले, "स्टेजवर तुला माझी लाज वाटली न्हवं?"

"वाटली," मी म्हटलं. "आणि मगाशी दारात माझीच मला वाटली."

त्यांनी मान हलवली. आपले पाय बाहेर काढले, बादली माझ्याकडे सरकवली आणि गुडघ्यावर हात ठेवून हळूच उठले, आणखी पाणी तापवायला.