धुराच्या खोलीतली दोरी

आग विझवणाऱ्या माणसाशी लग्न केलं की घरातली चूलसुद्धा त्याला विचारून पेटवावी लागते. आमचे हे घराबाहेर पडताना आधी स्टोव्हकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग पुन्हा स्टोव्हकडे. "विझवला नं?" मी म्हणायची, "नाही, तुमची वाट पाहून राहिला तो. या बंब घेऊन." हसायचे नाहीत. ह्यांना हसणं जमायचंच कमी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात अग्निशमन केंद्राच्या मागे आमचं क्वार्टर होतं, आणि क्वार्टरच्या मागे नव्या भरतीच्या पोट्ट्यांना शिकवायचं मैदान. शिकवणारे आमचे हेच. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं मैदान दिसायचं. सकाळपासून शिड्या लावणं, पाण्याचे पाईप उलगडणं, गुंडाळणं, आणि ह्यांचं ओरडणं. भाजी फोडणीला टाकायची वेळ मी त्या ओरडण्यावरून ओळखायची.

मैदानाच्या कडेला एक बिनखिडकीची विटांची खोली होती. तिच्यात ओलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, जाळून धूर कोंडायचे आणि एकेका पोट्ट्याला कमरेला दोरी बांधून आत सोडायचे. भिंतीला हात लावत, रांगत, आत ठेवलेलं पोतं शोधून आणायचं. दोरीचं दुसरं टोक बाहेर ह्यांच्या हातात. एकदा ओढली म्हणजे मी ठीक आहे. दोनदा ओढली म्हणजे दोरी सैल सोडा. तीनदा ओढली म्हणजे मला बाहेर काढा. पोळ्या लाटता लाटता मलाही ते पाठ झालं होतं.

पण पोट्ट्यांचा आपला वेगळाच कायदा. तीनदा दोरी ओढून जो बाहेर यायचा, त्याला बाकीचे आठवडाभर 'नवरीबाई' म्हणायचे. जेवायला बसला की त्याच्या डोक्यावर टॉवेलचा पदर टाकायचे. हे घसा फोडून सांगायचे, "ओढा बे! दोरी ओढली म्हणून कोणी नापास होत नाही. ती लाजायसाठी नाही बांधली!" पोट्टे म्हणायचे, "हाव साहेब," आणि आत गेले की दाताखाली जीभ धरून बसायचे, पण ओढायचे नाहीत.

त्याच भरतीत माझा धाकटा भाऊ आला. कुहीकडचं आमचं गाव, धानाची शेती. शेतात दोघे थोरले पुरेसे होते, हा तिसरा. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. प्रशिक्षण पास झाल्याचं प्रमाणपत्र हातात पडलं की नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली की लग्न. पोरीचा बाप तेवढ्यासाठीच थांबला होता. माय दर गुरुवारी उपास करायला लागली होती. मैदानात तो ह्यांना 'साहेब' म्हणायचा आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून 'भाऊजी'. फार गोड पोरगा होता हो. 

लहानपणापासून त्याची एकच खोड होती, दुखलं तरी सांगायचा नाही. विंचू चावला तेव्हाही हा गुपचूप खाटेवर जाऊन निजला होता, पाय सुजल्यावर मायला कळलं.

धुराच्या खोलीत जायचा दिवस आला तेव्हा तो मला म्हणाला, "आपल्याच धानाचं तणस आहे वं बाई, त्याचा धूर मले काय करते?" मी खिडकीत उभीच होते. तो आत गेला. दोरी आत गेली, सरकली, थांबली. मग बराच वेळ हललीच नाही. ह्यांनी एकदा ओढून बघितली, आतून उत्तर नाही. दुसऱ्या क्षणी हे तोंडाला ओलं फडकं बांधून आत घुसले होते. माझ्या हातातलं लाटणं कुठं पडलं ते मला कळलं नाही. हे त्याला फरफटत घेऊन बाहेर आले. तोंड काळं, डोळे पांढरे. पाणी मारलं, पालथं घालून पाठ चोळली, तेव्हा तो खोकला. आणि बाकीच्या पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या! इतका वेळ कोणीच आत राहिलं नव्हतं म्हणे.

संध्याकाळी तो माझ्याकडे जेवायला आला, खोकत खोकत पण ऐटीत. "ओढली का वं मी दोरी? नाही नं ओढली! विचार भाऊजीले."

हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, "नाही ओढली. म्हणूनच तुले नापास केलं मी."

मला आधी थट्टाच वाटली. मग ह्यांचं तोंड बघितलं. मी म्हटलं, "अहो, सगळ्याहून जास्त वेळ राहिला तो आत!"

"राहिला नाही, पडला होता. धूर सगळ्याईलेच लागते, मलेही लागते. पण जो हाक मारत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याले आत जावं लागते, आन् मंग दोघंही जातात." मग भावाकडे वळून जरा मऊ आवाजात म्हणाले, "पुढच्या तुकडीत ये गा. दोरी ओढायले शिक, मी स्वतः पास करतो तुले."

त्यानं हात धुतला. चपला घातल्या आणि निघून गेला. मी मात्र ह्यांना बोलले, बापा, काय काय बोलले! दगडाशी संसार करून राहिली मी, असंही बोलले. प्रमाणपत्रं वाटायच्या दिवसासाठी माय गावाहून नवीन तांदूळ घेऊन आली होती. तिला कळलं तेव्हा ती दारातच उभी राहिली. "लग्नात या जावयाचे पाय धुतले होते मी," म्हणाली, "आता या घरचं पाणी नाही पिणार." तांदूळ ओट्यावर ठेवून ती निघाली. खरंच, मरेपर्यंत ती आमच्याकडे पाणी प्यायली नाही.

पुढच्या तुकडीला तो आला नाही. सावनेरकडच्या एका कोळशाच्या खाणीत लागला. तिथं त्याच्या कमरेला दोरी नव्हती आणि परीक्षा घ्यायलाही कोणी नव्हतं. लग्न झालं, लेकरं झाली. मी भेटायला जायची तेव्हा खोकायचा. विचारलं की म्हणायचा, "काही नाही वं, थंडी आहे." मे महिन्यात कसली थंडी! ह्यांचा निरोप सांगितला की विषय बदलायचा. हे दर वेळी सांगायचे, नागपूरला घेऊन ये त्याला, दाखवू डॉक्टरला. तो येतो म्हणायचा आणि यायचा नाही.

शेवटी त्याच्या बायकोनंच त्याला बसमध्ये घातला आणि आणला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात भरती केला. एक्स-रेच्या फोटोत छाती सगळी कोळशाच्या धुळीनं भरलेली. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. हे ड्युटी संपली की थेट तिथं यायचे आणि त्याच्या पलंगाशी बसायचे. दोघं बोलत नव्हते. आधी तो बोलायचा नाही आणि आता तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.

एका दुपारी उन्ह मी म्हणत होतं. हे आले, बसले. उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला, त्याचं टोक पलंगावर पडलं. भावानं ते मुठीत धरलं. मला वाटलं, तापात काही तरी चाळा करतो आहे. त्यानं ते ओढलं. थांबला. पुन्हा ओढलं. मग बराच वेळ श्वास गोळा केला आणि तिसऱ्यांदा ओढलं.

हे ताडकन उठले. त्याच्या काखांत हात घालून त्याला अर्धा उचललाच. नळी सुटेल म्हणून मी ओरडले, पण ह्यांना ऐकू येत नव्हतं. "ओढली गा तू, ओढली! समजलं मले, समजलं!" म्हणत होते आणि घळाघळा रडत होते. मग तसंच त्याला छातीशी धरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आता कुठं काढू वं याले?"

मी मास्कची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. 

दिवे लागायच्या आत तो गेला. दुपट्टा मुठीतच होता. नर्स सोडवायला लागली तर ह्यांनी सोडवू दिला नाही.